साडूंचा आदर्श पाठ

लहान मुलांविषयी आमच्या साडूंइतकं ज्ञान असलेला आणि लहान मुलांना त्यांच्याइतका भिणारा माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नव्हता. ते वर्ध्याला होतकरू शिक्षकांना बालमानसशास्त्र शिकवत, नालवाडीत राहत आणि सुट्टी लागली की आमच्या नाचणगावच्या घरी येऊन आम्हालाही शिकवत. स्वतःला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे त्यांचे सिद्धान्त कोरे करकरीत राहिले होते. आमच्या धाकट्याने त्यांची टोपी वरणात बुडवली, तेव्हा म्हणाले, "रागावू नका! बालकाची जिज्ञासा जागृत झाली आहे."

"अन् ते वरन आता कोन खाईन?" माझी बायको म्हणाली.

त्यावर, दटावल्याने बालमनात गंड कसे निर्माण होतात, हे त्यांनी आमचे हात वाळेपर्यंत ऐकवलं. पण तेच जिज्ञासू बालक वरणाच्या हातांनी त्यांच्या मांडीवर चढू लागताच, पाटाखालून विंचू निघाल्यासारखे धोतर सावरत उठले.

आमचा वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मी गावच्या शाळेचा हेडमास्तर. एकदा साडू आपले विद्यार्थी घेऊन पहिलीच्या वर्गावर आदर्श पाठ द्यायला आले. दाराशी एक नवी पोरगी भोकाड पसरून बसली होती. नाव घातल्यापासून तिचा हाच कार्यक्रम होता. साडूंनी तिला रंगीत पोपट दाखवला. रडणं वाढलं. मग अनुकरणप्रवृत्ती जागवायला ते हात फडफडवत चिमणी झाले. सारा वर्ग चिवचिवाट करत बाकांवर चढला, भावी शिक्षक तोंडात रुमाल कोंबून बसले, आणि मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

साडू थकले. तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि ज्या वऱ्हाडी बोलीला ते आयुष्यभर अशुद्ध म्हणत आले, तिच्यात म्हणाले, "काऊन रडून राह्यली वं माय?"

"मले घरी जाचं हाये."

"मलेबी."

पोरगी गप्प झाली. त्यांच्याकडे बघत राहिली. मग सरकत सरकत येऊन मांडीवर बसली आणि त्यांच्या कोटाला नाक पुसून झोपली. घंटा झाली, वर्ग सुटला, तरी साडू हलले नाहीत.

त्या रात्री जेवताना त्यांनी कुठलाच सिद्धान्त सांगितला नाही. हात धुताना एवढंच विचारलं, "ती पोरगी उद्या येईल ना?"

सकाळची गाडी त्यांनी सोडली आणि माझ्याबरोबर शाळेत आले. पोरगी आली. मैत्रिणीचा हात धरून, हसत, त्यांच्या अगदी जवळून वर्गात पळाली. तिने मान वर करून पाहिलंही नाही.

"विसरली," साडू म्हणाले.

दुपारी आम्ही पुलगाव स्टेशनापर्यंत चालत गेलो. वाटेत त्यांचा कोट मी हातात घेतला. तो त्यांनी धुवायला दिला नव्हता.