गुलाबी मच्छरदाणी

नव्या मच्छरदाणीच्या खळीचा वास आला की मी पुन्हा भिलाईत, बाबांच्या सायकलच्या दांड्यावर जाऊन बसते. तेव्हा रशियनांच्या मदतीनं पोलादाचा कारखाना उभा राहत होता आणि रशियन बाया क्लबात बॅले करायच्या. आईनं मच्छरदाणी रंगवून मला त्यांच्यासारखाच गुलाबी झगा शिवला होता. प्रत्येक नाचाला मी तो परकरावर बांधून कामगारांच्या सगळ्या कॅम्पातून मिरवत जायची.

एकदा क्लबच्या दारात बाबांच्या साहेबांची मुलगी त्या झग्यासाठी रडायला लागली. बाबांनीच माझ्या कमरेमागची गाठ सोडली.

"दे न वं तिले, आपन दुसरा शिवू."

तो नाच मी नुसत्या परकरात पाहिला. दुसरा झगा शिवलाच नाही, त्याचा राग कधीच गेला. पण बाबा जन्मभर आल्यागेल्याला कौतुकानं सांगत राहिले, "माह्या पोरीनं आपल्या हातानं काढून देल्ला."