कोणता प्रयोग केलास?

सकाळी एसटी स्टँडवर एक आई मुलीकडून प्रवेशाच्या मुलाखतीची तयारी करून घेत होती. "आणि प्रयोगशाळेचं विचारलं तर?"  मुलगी हळूच म्हणाली, "आपल्या कॉलेजात ती नाहीच. काय सांगू?"

मी शेजारच्याच बाकावर बसून ऐकत होते. बारावीनंतर मीही अशीच एका मोठ्या विज्ञान संस्थेच्या दारात मुलाखतीसाठी बसले होते. आमच्या गावच्या कॉलेजात प्रयोग फळ्यावर व्हायचे. आत गेल्यावर मुलाखत घेणाऱ्या बाईंनी नेमकं तेच विचारलं, "कोणता प्रयोग आवडला?"

खोटं सुचेना. म्हणाले, "कॉलेजात एकही केला नाही. पण विहिरीत पोहरा झुलवून बघितलाय. दोर जास्त सोडला की तो सावकाश झुलतो."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "कशासाठी बघितलंस?"

"पुस्तकात लंबकाचं वाचलं होतं. खरं वाटेना."

बाई हसल्या, आणि माझा कितीतरी दिवस कोंडलेला श्वास सुटला. आपल्याकडे काय नाही हे लपवण्यातच माणूस अर्धा दमतो. एकदा ते सांगून टाकलं की जे आहे ते बोलायला तोंड मोकळं होतं.

मी हे त्या दोघींना सांगितलं.

"मग घेतलं तुम्हाला?" आईने विचारलं.

"घेतलं."

मुलीचे खांदे सैल झाले. "हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, ते मी पुन्हा पुन्हा करून बघितलंय. हे चालेल?"

"म्हणजे माझ्या साडीवरचे डाग तुझे होय!" आई म्हणाली, आणि आम्ही तिघी हसत सुटलो.