बर्फाखालचे दोन चमचे

आभाळातून पडलेला खरा बर्फ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी पस्तिशी उलटली होती. आणि गाडीचे गोठलेले वायपर कसे सोडवावेत यावरचं माझं पान छापून आलं ते त्याच्या आठ-नऊ वर्षं आधी, चेन्नईत, पंख्याखाली बसूनही मान घामाने चिकचिकत असताना. या क्रमात काही चुकलंय असं आमच्या कंपनीत कुणालाही वाटलं नाही. मला वाटलं होतं, पण मी प्रोबेशनवर होते आणि प्रोबेशनवरच्या माणसाला काही वाटून चालत नाही.

नवी गाडी घेतली की डॅशबोर्डच्या कप्प्यात एक जाडजूड पुस्तक मिळतं. ते कुणी वाचत नाही. पण ते कुणीतरी लिहिलेलं असतं, आणि पेरुंगुडीच्या एका काचेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर बसून ते लिहिणाऱ्यांपैकी मी एक होते. त्याआधी मी घराजवळ, अण्णा नगरातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. ती नोकरी मी अप्पांना, म्हणजे वडिलांना, न विचारता सोडली. अप्पांनी स्वतः एकतीस वर्षं एकाच कचेरीत, जवळजवळ एकाच खुर्चीत काढलेली. ते माझ्या माघारी शाळेत जाऊन मुख्याध्यापिकाबाईंना भेटले आणि माझी जागा सहा महिने राखून ठेवायची विनंती करून आले. कंपनीचं प्रोबेशनही सहा महिन्यांचंच होतं. म्हणजे मी नापास होणार याची त्यांनी इतकी चोख व्यवस्था करून ठेवली होती की मला पास होण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता.

पाचवा महिना सरत आला तेव्हा एका पिकअपचं पुस्तक आमच्याकडे आलं. मागे उघडा हौदा असलेली ही दांडगी गाडी अशा देशात विकली जाणार होती जिथे वर्षातले चार-पाच महिने बर्फ असतो. जुन्या लोकांनी इंजिन, ब्रेक अशी मानाची प्रकरणं वाटून घेतली. ‘हिवाळ्यातली काळजी’ कुणालाच नको होतं, म्हणून ते माझ्या गळ्यात आलं. त्यातलं एक पान गोठलेल्या वायपरचं.

मी लिहिलं, ‘वायपर सुरू करण्यापूर्वी बर्फ काढून टाका.’ इंग्रजीत हे वाक्य आणखी रुबाबदार दिसत होतं. गाडी बनवणाऱ्यांकडून पान तपासणारे एक वयस्क इंजिनियर त्या थंड देशात बसलेले असत. त्यांनी शेजारी एकच शब्द लिहून पान परत पाठवलं: ‘कसा?’

आमचा टीम लीड पुण्याचा. आमच्या मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, आणि माझ्या मराठीला तो मराठी मानायचा की नाही याची मला खात्री नव्हती. हे आता लिहितेय ती भाषा मी पुढे पुस्तकांतून कमावली; आमच्या घरची मराठी तंजावरची, तिच्यात निम्मं तमिळ. हा गृहस्थ एसीची थंडी वाजते म्हणून ऑफिसात बिनबाह्यांचा स्वेटर घालून बसायचा, त्यामुळे मजल्यावर थंडीतला जाणकार म्हणून त्याचं वजन होतं. तो म्हणाला, “अगं, सोपं आहे. जानेवारीत सकाळी आमच्याकडे गाडीवर दव पडतं ना, तसंच ते. फक्त जरा घट्ट. योग्य त्या साधनाने काढा, असं लिही.”

लिहिलं. उत्तर आलं: ‘योग्य साधन कोणतं? माझ्या शेजाऱ्याला फावडं योग्य वाटलं होतं.’ तिसऱ्यांदा मी चार पुस्तकांतली आठ वाक्यं जोडून पाठवली. सोमवारी सकाळी पान परत आलं आणि खाली लिहिलेलं होतं: ‘हे लिहिणारी व्यक्ती गोठलेल्या गाडीपाशी कधी उभी राहिली आहे का?’

टीम लीडने मला बोलावलं. त्याला वाईट वाटत होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. “शुक्रवारपर्यंत हे पान पास झालं पाहिजे. तुझ्या कन्फर्मेशनचा कागद माझ्या टेबलावरच आहे. पण यांनी चौथ्यांदा परत पाठवलं तर मी कुठल्या तोंडाने सही करू?”

घरी पोचेपर्यंत मी बसमध्ये शाळेचं वेळापत्रक आठवून पाहिलं. सातवी ब, दुसरा तास. रडू येत होतं, पण शेजारी बसलेल्या बाईंच्या मांडीवर मुरुक्कूचा, म्हणजे चकल्यांचा, डबा उघडा होता आणि त्या सारख्या घ्या घ्या म्हणत होत्या, त्यामुळे ते जमलं नाही.

जेवताना मी सगळं सांगितलं. अप्पा ताकभात कालवत म्हणाले, “बर्फ तर आपल्या फ्रीजमध्येपण आहे की. त्याच्यासाठी परदेशी कशाला जायला पाहिजे?”

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं होतं. पण अम्माने, म्हणजे आईने, हातातला डाव खाली ठेवला.

आमचा फ्रीज एका दाराचा, माझ्याहून थोडाच लहान. त्याच्या वरच्या खणात बर्फ नुसता साचत नसे, वाढत असे. आठवड्याभरात खणाचं तोंड मुठीएवढं उरायचं आणि बर्फाचा ॲल्युमिनियमचा ट्रे तळाला असा चिकटायचा की निघता निघत नसे. मी कॉलेजात असताना एकदा पाहुणे आले म्हणून अप्पांनी तो ट्रे स्क्रूड्रायव्हरने उचकटायला घेतला. खणाला भोक पडलं, फुस्स आवाज करत गॅस गेला आणि पाहुण्यांनी कोमट सरबत घेतलं. त्या दिवसापासून आमच्या घरात कायदा झाला की वरच्या खणाला अम्माशिवाय कुणी हात लावायचा नाही. घरातल्या बाकी कुठल्याच गोष्टीत अम्माचा शब्द शेवटचा नव्हता. त्या खणात होता.

मंगळवारी मी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून एक जुना वायपर आणला. तो खणात मावेना म्हणून कापून त्याचे दोन तुकडे केले. जुन्या कॅलेंडरच्या फ्रेमची काच काढली, तिच्यावर पाणी शिंपडलं आणि वायपरचा एक तुकडा वर ठेवून अम्माच्या परवानगीने आत सरकवला. त्यासाठी खोवलेल्या नारळाचा डबा शेजारी पाठवावा लागला.

बुधवारी सकाळी काच बाहेर काढली तर काच आणि वायपर एकजीव. मी खूश झाले. चेन्नईत निदान एक वायपर गोठला होता. तेवढ्यात अप्पा आंघोळीच्या बंबातलं तांब्याभर कढत पाणी घेऊन आले.

“ऊन पाणी ओत. दोन मिनिटांचं काम.”

“नोको,” अम्मा म्हणाली. “फुटेल.”

“काच आहे ती, पापड नाही,” असं म्हणून अप्पांनी पाणी ओतलं. टच्च आवाज झाला आणि काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. अप्पा म्हणाले, काच जुनी होती. मी घाईने वायपर ओढला तर रबराची पट्टी फाटून अर्धी काचेवरच राहिली. पाच मिनिटांत आम्ही दोघांनी थंड देशातला एखादा गाडीमालक करील त्या सगळ्या चुका करून दाखवल्या.

अम्माने फरशी पुसली. मग ती बोलायला लागली, आणि मी पेन शोधलं. आपल्याला यातलं काही विचारण्यासारखं माहीत आहे हे तिलाही नवीन असावं, कारण सुरुवातीला ती माझ्याकडे न बघता फरशीकडे बघून सांगत होती.

“पहिलं स्विच बंद कर. तसंच चालू ठेवून ओढाओढ केलीस की आतलं मशीन जातं. मग दार उघड आणि थांब.”

“किती वेळ?”

“ते आपणहून सोडीपर्यंत. मधेमधे बोटाने हलवून बघ. हललं तर काढ, नाही हललं तर परत थांब. सुरी नोको, स्क्रूड्रायव्हर नोको.” इथे तिने अप्पांकडे पाहिलं नाही, पण अप्पांनी पेपर वर केला.

“पण अम्मा, तुझा ट्रे तर रोज सकाळी पटकन निघतो. तू कुठे थांबतेस?”

“मी आदल्या रात्रीच उचलून ठेवते की,” ती म्हणाली आणि खण उघडून दाखवला. ट्रे तळाला टेकलेला नव्हताच. त्याच्या खाली दोन स्टीलचे चमचे आडवे होते. “टेकलं तर चिकटेल. टेकूच दिलं नाही तर कशाला चिकटेल?”

माझं अख्खं शिक्षण त्या घरात झालं. रोज त्या ट्रेमधला बर्फ मी पन्ह्यात घातला. ते चमचे मी एकदाही पाहिले नव्हते.

दुसऱ्या काचेसाठी अम्माने भिंतीवरचा अप्पांच्या निरोपसमारंभाचा फोटो खाली उतरवला आणि फ्रेम उघडली. अप्पांनी फोटो पेपरात गुंडाळून ठेवला. पहिली काच त्यांच्या खात्यावर होती. या वेळी काचेवर दोन चमचे आणि त्यांवर वायपरचा दुसरा तुकडा ठेवला. गुरुवारी सकाळी मी तो एका बोटाने उचलला.

मग मी पान नव्याने लिहिलं. किल्ली फिरवण्याआधी वायपरचं बटण बंद आहे ना पाहा, नाहीतर मोटर जळेल. काचेवर कढत पाणी ओतू नका. गाडी सुरू करून आतून काच गरम होऊ द्या आणि थांबा. पातं बोटाने हलवून पाहा. हलत नसेल तर आणखी थांबा, ओढू नका, रबर फाटतं. धातूचं काही वापरू नका. आणि बर्फ पडणार असं वाटलं तर आदल्या रात्रीच वायपरचे दांडे काचेपासून उचलून उभे ठेवा. त्यात एकही शब्द माझा नव्हता. माझं होतं ते फक्त इंग्रजी.

शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. ‘छान. ज्याने हे लिहिलंय त्याने बरेच हिवाळे काढलेले दिसतात.’ टीम लीडने ते मीटिंगमध्ये मोठ्याने वाचलं, आपल्या लोकांना थंडीचा अनुभव आहे असं सांगितलं आणि नकळत स्वेटर खाली ओढून नीट केला. संध्याकाळी त्याने माझ्या कागदावर सही केली. अप्पांना मी तो कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, “बाईंना कळवायला पाहिजे, जागा सोडा म्हणून.” ते दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत जाऊन आले.

त्यानंतर थंडीतलं जे काही येई ते माझ्याकडेच येई. गोठलेलं कुलूप, गोठलेलं दार, टाकीचं झाकण. मी प्रत्येक प्रश्न घरी नेई आणि अम्मा रात्रीची भांडी आवरून त्यावर विचार करी. त्या इंजिनियरांना ती बर्फवाले मामा म्हणायची. मी दारात चप्पल काढतेय तोवर विचारायची, “बर्फवाले मामा काय सांगट्ले?” ‘बरोबर आहे’ असं उत्तर आलं की त्या दिवशी रस्समला चव वेगळी असायची, असं मला वाटतं. अप्पा त्या दिवशी दोनदा मागून घ्यायचे.

आणि मग मी मोठा शहाणपणा केला. कायम झाल्यानंतरच्या पहिल्या बोनसमध्ये अम्मासाठी नवा फ्रीज घेतला. उंच, दोन दारांचा. दुकानदार म्हणाला, “मॅडम, ह्यात बर्फ साचतच नाही. काही बघावंच लागत नाही.” तिचे इतक्या वर्षांचे कष्ट वाचणार म्हणून मला भरून आलं होतं. जुना फ्रीज त्याच दिवशी टेम्पोत चढला. अम्माने आधी त्याचा वरचा खण उघडून दोन चमचे काढून घेतले आणि पदराला पुसले.

नव्या फ्रीजचं दार ती बराच वेळ उघडून उभी होती. आत सगळं कोरडं, पांढरं, गुळगुळीत.

“ह्यात काहीच चिकटत नाही?”

“नाही. आता तुला काही करायलाच नको.”

तिने मान हलवली. मग म्हणाली, “आणि बर्फवाल्या मामांनी काही विचारलं की?”

मी काहीतरी सांगितलं, आता ते फारसं विचारत नाहीत वगैरे. ते खोटं होतं. तिच्या हातात एकच खण होता आणि तोच मी तिला बक्षीस देण्याच्या नादात टेम्पोत घालून पाठवला होता, हे मला तिथे, त्या गार दारासमोर कळलं. फार लाज वाटली. पण फ्रीज परत घेत नाहीत.

काही महिन्यांनी पिकअपचं पुस्तक छापून आलं. एक प्रत मी घरी आणली. अम्माला इंग्रजी येत नाही, म्हणून ते पान मी आमच्या मराठीत तिला वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर तिने विचारलं, “चमचे कुठं आहेत?”

“तिकडे चमचे नसतात, अम्मा. दांडेच उचलून ठेवायचे.”

“बरं. तेच ते,” ती म्हणाली आणि पान कुठलं ते कळावं म्हणून पुस्तकात कढीपत्त्याची काडी घालून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नव्या फ्रीजचा वरचा खण उघडला. प्लास्टिकचा नवा ट्रे दोन स्टीलच्या चमच्यांवर ठेवलेला होता.

“अम्मा, ह्यात नोको गं. हा चिकटतच नाही.”

“असू दे,” अम्मा डोशाचं पीठ ढवळत म्हणाली. “आदल्या रात्रीच उचलून ठेवायचं, असं पुस्तकात छापलंय की. तूच वाचून दाखवलंस.”