दुसरा मोजा

पहिला मोजा लिफ्टमनने चार दिवसांत विणला. नऊ मजली कचेरीतली जुनी लिफ्ट, लिफ्टमध्ये त्याचं स्टूल आणि स्टुलावर दिवसाचे नऊ तास तो. लिफ्ट वर जाताना मोज्याची एक फेरी, खाली येताना दुसरी. कुणी 'पाचवा' म्हटलं की बटण दाबायचं आणि मनातल्या मनात टाके मोजत राहायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. क्वचित तोंडातून 'अठ्ठेचाळीस' निघून जायचं आणि फायली छातीशी धरलेली माणसं दचकून वर बघायची.

विणायला त्याला आत्याने शिकवलं. लोकरीची लडी धरायला तिला कुणीतरी लागायचं, आणि घरात रिकामटेकडा तोच सापडायचा. धरता धरता हातात सुया आल्या. पुरुषमाणूस विणतो म्हणून कचेरीतले लोक आधी हसले, मग त्यांना हसायचाही कंटाळा आला, आणि पुढे तेच लोक नातवंडांसाठी टोपड्यांच्या ऑर्डरी घेऊन यायला लागले.

हे मोजे मात्र त्याचे स्वतःचे होते, नाचाच्या तालमीसाठी. नाचाचं खूळ बायकोचं. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. लग्न झाल्यापासून तिला नाचायचं होतं आणि लग्न झाल्यापासून काही ना काही आड येत होतं. आता पोरगी सासरी गेली, सासूबाईही गेल्या, आणि जवळच्या शाळेच्या सभागृहात जोडीच्या नाचाचा वर्ग सुरू झाला. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी सहाला, आणि शेवटी स्टेजवर कार्यक्रम. बायकोने दोघांचं नाव घालूनच घरी येऊन सांगितलं.

सभागृहाची जमीन लाकडी आणि जुनी. बुटांनी ओरखडे पडतात म्हणून बूट बंद, अनवाणी नाचलं तर कुसळं घुसतात म्हणून तेही बंद. राहिले मोजे. दुकानातल्या मोज्यांचं इलॅस्टिक त्याच्या सुजऱ्या पोटऱ्यांत रुतायचं. तेव्हा तो म्हणाला की मी माझे विणून घेतो, मग येतो. बायको बिचारी खूश झाली.

विणणाऱ्या कुणालाही विचारा, पहिला मोजा हौसेचा असतो आणि दुसरा वेठबिगारीचा. पण लिफ्टमनचं दुखणं वेगळंच होतं. तो थकलेला होता. बसून बसूनही माणूस थकतो हे उभ्याने काम करणाऱ्यांना पटत नाही, पण थकतो. दिवसभर त्या पेटीत वरखाली करून संध्याकाळी त्याला कुठेही जायचं नसायचं, वरही नाही आणि खालीही नाही. पण नाचायला यायचं नाही हे बायकोला सांगायची छाती नव्हती, म्हणून दुसऱ्या मोज्याचं घोडं अडलं. कधी टाचेपाशी टाका सुटला म्हणून उसवलं, कधी लोकरीचा रंग जुळेना. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगणापर्यंत जायची वेळच आली नाही, मोज्यावरच भागलं.

सात आठवडे तो सभागृहात बाकावर बसून राहिला. समोर बाकीच्या जोड्या आणि त्यांच्या कडेला त्याची बायको, एक हात हवेतल्या खांद्यावर ठेवून, एकटीच गिरक्या घेत असायची. वर हा बाकावरून तिची पावलं चुकली की सांगायचा. उंटावरून शेळ्या हाकणं दुसरं काय असतं?

एका मंगळवारी नाचाच्या बाईंनी तिला बाजूला घेतलं. घरी आल्यावर भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "शुक्रवारी कार्यक्रमाची नावं लिहिणार आहेत."

"मग?"

"मग काही नाही. जोडीचा नाच आहे."

एवढंच. तिने आदळआपट केली असती तर त्याला भांडता तरी आलं असतं. दुसऱ्या दिवसापासून त्याने मुकाट्याने सुया चालवल्या. चवड्यापासून सुरू केलेला मोजा टाचेवरून घोट्यावर आला, आणि शुक्रवारी दुपारी चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मधे त्याने वरची कड बंद केली. कडेचे टाके सैल हाताने बंद करायचे, हे विणणारं पोरही सांगेल. पण ज्याला ते काम व्हायलाच नको असतं त्याचा हात आवळलेलाच चालतो.

सहा वाजता बाकावर बसून त्याने मोजा चढवला. बोटं गेली, चवडा गेला, टाचेपाशी कड अडली. ओढली, ताणली. जाईना.

"नाही जात गं," तो म्हणाला, आणि म्हणताना त्याचा चेहरा रजा मंजूर झाल्यासारखा सैल पडला.

बायको समोरच उभी होती. तिने ते बघितलं.

"बरं वाटलं ना तुम्हाला," ती म्हणाली.

ती रागावली नव्हती, म्हणून त्याला जास्त लाज वाटली. लोकरीवर, टाक्यांवर सगळं ढकलता आलं असतं, पण स्वतःच्या चेहऱ्याला तो काय करणार? दूर बाई वही घेऊन बसल्या होत्या. त्याने खाली वाकून कडेचं टोक शोधलं, नखाने गाठ सोडवली आणि बंद केलेली कड टाक्याटाक्याने उसवली. कुठलाही विणणारा हे करणार नाही. उघडे टाके धरायला सुई नसली की ते घसरत जातात. पाय आत गेला. तो उठला.

नाच कसला, फरफट होती. त्याची पावलं चुकत होती आणि प्रत्येक गिरकीला मोजा थोडा थोडा उसवून धागा घोट्याशी लोंबत होता. खांद्यावर बायकोचा हात होता. तो जड का लागतोय हे त्याला आधी कळेना. नाचाची पद्धतच असेल असं वाटलं. तिसऱ्या गिरकीला कळलं की ती टेकली होती. सकाळपासून इस्त्री दाबणाऱ्या त्या हाताने सगळा भार त्याच्यावर सोडला होता. इतके आठवडे हवेवर तो कसा पेलला असेल, असं त्याच्या मनात आलं आणि पुढचं पाऊलही चुकलं.

बाईंनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात उभे राहा, आणि वहीत नाव लिहिलं.

दोघं बाकावर येऊन बसली. तो वाकून धागा गोळा करायला लागला. बायकोने पाय लांब केले, डोकं मागे भिंतीला लावलं आणि डोळे मिटून म्हणाली, "दमले हो आज."

लग्नाच्या एकतीस वर्षांत हे वाक्य त्याने तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. रोज संध्याकाळी तिच्या आधी तोच ते म्हणून मोकळा होत असे.