अमावास्येनंतर बंद पडणाऱ्या गाड्या

शरणप्पांनी चावी माझ्या टेबलावर ठेवली नाही, टाकली. ती सरकत जाऊन चहाच्या कपाला लागली.

"साहेब, ही गाडी तुमच्याकडंच ठिवा. म्या आता तिच्यात बसत न्हाय."

शरणप्पा बिराजदार मुरुमचे. शेतातली भाजी भरून कधी सोलापूर, कधी हैदराबादच्या मार्केटला न्यायची, हा त्यांचा धंदा. गाडी पिकअप, अजून वॉरंटीत. मी उमरग्याला हायवेवरच्या डीलरच्या वर्कशॉपमध्ये वर्क्स मॅनेजर. म्हणजे गाडी दुरुस्त झाली तर मेकॅनिक हुशार आणि नाही झाली तर मी नालायक. शरणप्पांची ही तिसरी खेप होती आणि तक्रार एकच. गाडी चालता चालता इंजिन बंद पडतं. थोडं थांबून चावी फिरवली की जणू काही झालंच नाही अशा थाटात चालू होतं.

आधीच्या दोन्ही वेळा आम्ही गाडीला स्कॅनर लावला होता. हल्लीच्या इंजिनाला कॉम्प्युटर असतो. काही बिघडलं की तो कोड साठवतो आणि स्कॅनर तो कोड वाचतो. शरणप्पांच्या गाडीत कोड नव्हता. फिल्टर बदलला, डिझेल तपासलं, हायवेवर लांबपर्यंत पळवून आणली. एकदाही बंद पडली नाही. मग जॉबकार्डवर 'दोष आढळला नाही' असं लिहून गाडी परत दिली. आमच्या धंद्यात ही रीतच आहे.

या वेळी मात्र त्यांनी नवीन गोष्ट सांगितली. "बंद पडली ते पडली, पर ब्रेक बी लागना झाला. पाय दगडावर ठिवल्यावानी. समोर शेरडं हुती. बांधाला घातली म्हणून वाचलो."

हे ऐकून मी चहा बाजूला ठेवला. ब्रेकच्या पेडलला इंजिनाची मदत लागते. इंजिन चालू असताना एक पंप हवा खेचून घेतो आणि त्या जोरावर आपला पाय हलका दाबला तरी गाडी थांबते. इंजिन बंद पडलं आणि गाडी गिअरमध्ये नसली, की ही मदत एकदोनदा पेडल दाबेपर्यंत पुरते. नंतर पेडल घट्ट. स्टिअरिंगही जड होतं. माणूस घाबरून ब्रेक पुन्हा पुन्हा मारतो आणि होती नव्हती तेवढी मदत संपवून टाकतो. भरलेली गाडी उताराला असेल तर पुढचं सांगायला नको.

मी त्यांना सांगितलं, गाडी दोन दिवस इथंच राहू द्या. त्यांनी मान डोलावली, चहा घेतला, आणि तेवढ्यात घरून फोन आला. मेथी उपटून झाली होती, जुड्या बांधून तयार होत्या. मघाशी गाडीत बसणार नाही म्हणणारा माणूस चावी उचलून निघाला. मी अडवलं तर म्हणाले, भाजी थांबत नसती साहेब. यात त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

त्याच आठवड्यात अशाच आणखी तक्रारी आल्या. एक बेंबळीचा दूधवाला, एक इथलाच मंडपवाला. गाड्या वेगळ्या, ड्रायव्हर वेगळे, रडगाणं तेच. मंडपवाल्याला विचारलं, पहिल्यांदा कधी बंद पडली? तो म्हणाला, "अमुशाची पूजा झाली न्हाय का, त्याच्या दुसऱ्या दिशी. कुणाची तरी नजर लागली साहेब."

नजर वगैरे मी मानत नाही. पण अमावास्या डोक्यात अडकली. जुनी जॉबकार्डं काढून बसायची गरजच पडली नाही, कारण मला आठवत होतं. या तक्रारी अमावास्येनंतर येत आणि पंधरवडा सरला की आपोआप थांबत.

आमच्या भागात अमावास्येला गाडीची पूजा असते. बाहेरच्यांना वाटतं लिंबू-मिरची बांधली की झालं. तसं नाही. आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी गाडी धुतात, आणि धुतात म्हणजे नुसती बॉडी नाही. बॉनेट उघडून इंजिनाला अंघोळ घालतात. पोटाला देणारा देव तिथं बसलाय, तो मळकट कसा ठेवायचा? पूर्वी बादलीने धुवायचे, तेव्हा काही बिघडत नव्हतं. आता प्रेशरचा पाइप आलाय. मग हळदकुंकू, नारळ, चाकाखाली लिंबू. माझे वडील बैलगाडीच्या चाकांची लोखंडी धाव अशीच धुवायचे, त्यामुळे यात मला कधी काही वावगं दिसलं नव्हतं.

मी मंडपवाल्याची गाडी घेतली. आमच्याच वॉशिंगच्या पाइपने इंजिनावर पाणी मारलं, अगदी पूजेला मारतात तसं. मग स्वतः चालवायला बसलो. जाताना काही नाही. परत येताना, वर्कशॉपचा बोर्ड दिसायला लागला तेव्हा इंजिन गप्प झालं. आधी खोकलं नाही, धक्का दिला नाही. नुसतं गप्प झालं. रस्ता सपाट होता म्हणून मी निवांत कडेला घेतली.

दोष कुठे होता तेही सापडलं. इंजिनाच्या अंगाला खालच्या बाजूला एक सेन्सर असतो, क्रँक सेन्सर. इंजिन फिरतंय एवढी खबर तो कॉम्प्युटरला देतो. खबर थांबली की कॉम्प्युटर समजतो, इंजिन थांबलं. मग तो डिझेल बंद करतो. या सेन्सरच्या वायरचा जोड, ज्याला आम्ही कपलर म्हणतो, त्याचं रबर ढिलं होतं. आत पाण्याचा थेंब आणि पिनांवर हिरवा गंज. गाडी हलली की खबर तुटायची. इंजिनाच्या उष्णतेनं पाणी सुकलं की सगळं ठीक. आमच्याकडे गाडी यायची ती सुकल्यावर.

मी लगेच कंपनीच्या एरिया मॅनेजरला फोन लावला. अभिजित नाव, तिशीतला, बोलायला साखर. फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"सर, ओनर्स मॅन्युअलमध्ये क्लिअर लिहिलंय. इंजिनवर प्रेशर वॉशिंग करू नये. हा कस्टमरचा मिसयूज आहे."

मी म्हणालो, "अभिजित, आपल्या गेटवर बॅनर बघितलाय का? 'अमावास्या स्पेशल, गाडी धुऊन मोफत.' तो आपल्या डीलर शेठनी लावलाय. मागच्या मीटिंगला तुम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या."

 मग तो म्हणाला, "सर, ते मेलमध्ये लिहू नका."

दुसऱ्या दिवशी बॅनर उतरला. एवढी चपळाई मी आमच्या डीलरशिपमध्ये कधी पाहिली नव्हती. कंपनीकडून निरोप आला की विषय वर कळवलाय, तोवर गिऱ्हाइकांना काही सांगू नये, उगाच घबराट पसरेल. माझं डोकं फिरलं. ब्रेक लागत नाही आणि घबराट नको म्हणे. मी शेठना सांगितलं, माझ्या हातात कपलरमध्ये ग्रीस भरून वरून टेप गुंडाळणं एवढंच आहे आणि ते मी करणार. शेठ म्हणाले, करा, पण बोभाटा नको.

तक्रार केलेल्या सगळ्यांना मी फोन केले. बेंबळीचा दूधवाला त्याच दिवशी आला. शरणप्पांना सविस्तर सांगितलं. इंजिन का बंद पडतं, ब्रेक का घट्ट होतो, सगळं. दुरुस्ती होईपर्यंत बंद पडलीच तर गाडी गिअरमध्येच राहू द्या, क्लच दाबू नका, ब्रेक एकदाच दाबून धरा, हेही सांगितलं. अर्ध्या तासाचं काम आहे, घेऊन या, म्हटलं.

"येतो की साहेब. बाजार झाला की येतो," ते म्हणाले.

बाजाराच्या दिवशीच, मुरुमहून खाली उतरणाऱ्या रस्त्याला त्यांची गाडी बंद पडली. मागे वांग्यांचे क्रेट भरलेले. पुढे इरण्णा सायकल हातात धरून चालले होते. इरण्णा म्हणजे शरणप्पांचे शेजारी. घराला घर लागून, रानाला रान लागून. ब्रेक लागला नाही, गाडी त्यांच्यावर गेली. सोलापूरला नेईपर्यंतसुद्धा ते राहिले नाहीत.

गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी होती. तपासणीला आलेल्या आरटीओच्या इन्स्पेक्टरने चावी फिरवली, पहिल्या झटक्याला चालू. ब्रेक दाबला, उत्तम. त्यांनी यांत्रिक दोष नाही असं लिहून दिलं. त्यांचंही बरोबरच होतं, तोवर सगळं सुकलं होतं. मी ठाण्यात जाऊन कपलरचं सांगितलं. जमादारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, कंपनीच्या लेटरहेडवर आणा. कंपनी म्हणाली, प्रकरण कोर्टात जाणार असल्याने काही देता येणार नाही. शरणप्पांवर बेदरकारपणे गाडी चालवल्याचा गुन्हा दाखल झाला.

जामिनावर सुटल्यावर ते माझ्याकडे आले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मला वाटलं, शिव्या देतील. पण ते कंपनीबद्दल बोललेच नाहीत, कोर्टाबद्दलही नाही.

"गंगव्वा बोलत न्हाय साहेब. आमच्या दारात बी बघत न्हाय. म्या दारू पिऊन गाडी मारली म्हणायलेत गावात. उभ्या जन्मात पानाला चुना लावला न्हाय म्या. तुम्ही एकदा येऊन तेवढं सांगा तिला. तुमचं ऐकंल."

गंगव्वा म्हणजे इरण्णांची बायको. शरणप्पांची आई गेल्यावर त्यांच्या पोरांना तिनंच खेळवलं होतं. माणसाला तुरुंगाची भीती नव्हती, त्या बाईच्या नजरेची होती. मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, येतो. कंपनी नाही सांगत तर मी सांगतो.

गंजलेला एक कपलर खिशात टाकून मी मुरुमला गेलो. गंगव्वा ओसरीवर तूर निवडत बसली होती. तिनं मला पाणी दिलं, शरणप्पांना दिलं नाही. ते पायरीजवळ उभेच राहिले. मी कपलर दाखवला. पाणी कसं शिरतं, इंजिन कसं बंद पडतं, पेडल कसं दगड होतं, जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. शरणप्पांची चूक नाही, दारूचा तर प्रश्नच नाही, हेही ठासून सांगितलं. तिचे हात सुपात थांबले होते. चेहरा थोडा सैल झाल्यासारखा वाटला. मला हुरूप आला. शरणप्पांची बाजू आणखी भक्कम करावी म्हणून मी म्हणालो, "मी स्वतः यांना फोन करून सगळं समजावलं होतं. गाडी घेऊन येणारच होते हे, फक्त बाजार तेवढा उरकून."

गंगव्वानं पहिल्यांदा शरणप्पांकडे बघितलं.

"म्हंजे तुला ठावं हुतं, शरणू?"

शरणप्पा पायरीपासून मागं सरले.

"ब्रेक लागत न्हाय हे ठावं हुतं. साहेबानं सांगितलं हुतं. तरी वांगी भरलास."

ती ओरडली नाही. सूप उचलून आत गेली आणि दार लावून घेतलं. ते दारू प्यायले असते तर तिनं कधीतरी माफ केलं असतं, असं मला अजून वाटतं.  निघताना मी शरणप्पांची माफी मागितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुम्ही खरंच बोललाव की साहेब."

पुढे कंपनीनं नवा कपलर काढला. सर्व्हिसला येणाऱ्या प्रत्येक गाडीला तो गुपचूप बसवायचा, गिऱ्हाइकानं विचारलं तर 'क्वालिटी इम्प्रूव्हमेंट' म्हणायचं, असा आदेश आला. अभिजितला बढती मिळून तो पुण्याला गेला. शरणप्पांनी गाडी सोडवून आणली आणि विकली. केस अजून चालू आहे. मला साक्षीला घ्यावं का, असं त्यांनी वकिलाला विचारलं. मी काय काय सांगणार हे वकिलानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, या साहेबांना कोर्टाच्या आसपाससुद्धा आणू नका.

इंजिन चालता चालता बंद पडतं अशी तक्रार घेऊन आता कुणी आलं, की कारण सापडेपर्यंत मी गाडी गेटबाहेर सोडत नाही. चावी माझ्या खिशात ठेवतो. भाजी सडते, दूध नासतं, मालक आईबहिणीवरून शिव्या देतात, शेठकडे तक्रार जाते. शिव्या पचतात.