टेकडीवरची बाई

इकडे परदेशात, कासलबार गावात, माझ्या मुलाच्या घराशेजारी एक रशियन चित्रकार राहतो, माझ्याच वयाचा. चारशे वर्षांपूर्वी इथली जमीन कशी दिसायची, एवढंच तो रंगवतो. खिडकीतून बघतो आणि विजेचे खांब वगळतो, गाड्या वगळतो, रस्तासुद्धा वगळतो. "देन, नो," म्हणतो. म्हणजे तेव्हा नव्हतं. एखादं झाड तेव्हा इथे नव्हतं असं पुस्तकात सापडलं, की चाकूने खरवडून काढतो. इंग्रजी आम्हा दोघांनाही धड येत नाही, म्हणून तो रशियनमध्ये भांडतो आणि मी मराठीत.

लायब्ररीतल्या प्रदर्शनासाठी त्याने आमच्या घरामागची टेकडी काढायला घेतली. मी बघायला गेले, तर चित्रात आमचं घरच नाही.

"मेल्या, माझं घर कुठंय?"

"देन, नो."

"आणि मी?" मी छातीवर बोट ठेवलं.

तो पुन्हा मेंढ्या रंगवायला लागला. मी तणतणत घरी आले.

प्रदर्शनात पाहिलं, तर टेकडीवर मेंढ्यांच्या मध्ये लाल नऊवारी नेसलेली बाई उभी! लायब्ररीतल्या मॅडमनी त्याला काहीतरी विचारलं. सून माझ्या कानात म्हणाली, "आई, त्या विचारताहेत, ही बाई तेव्हा इथे कशी?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याचे कान लाल झाले.

"देन, येस," तो म्हणाला.

मी चष्मा लावून चित्राजवळ गेले. पदर उजव्या खांद्यावर होता.

"चुकलं," म्हणत मी माझा डावा खांदा थोपटला.

त्याने खिशातून चाकू काढला आणि सगळ्यांदेखत पदर खरवडायला लागला.