विहिरीवरची पाटी

तांब्या वर गेला. माझ्या आईच्या ओंजळीपासून चांगला हातभर वर. पाणी वाढणाऱ्या बाईनं तिथून पाणी सोडलं, अर्धं हातात, अर्धं पायावर.

बाकीच्या बायकांना त्याच बाईनं हाताला हात लावून पाणी दिलं होतं. जुन्या विहिरीचा गाळ निघाला, त्यानंतरच्या पहिल्या पाण्याचा कार्यक्रम होता तो. बदलापूरच्या अलीकडचं आमचं गाव. चहूबाजूंनी टॉवर उठले, नळाला पाणी पुरेना, तेव्हा सगळ्यांना विहीर आठवली. गाळ उपसायला आमचा बुद्धवाडा पुढं. साठी ओलांडलेल्या माझ्या आईनं रोज घमेली वाहिली. गाळाला तिचा हात चालला.

"मला असलं पाणी नको," आई म्हणाली. ओंजळ सोडून दिली.

आणि मी, तिचा शिकलेला मुलगा, काय बोललो? "आई, घे ना गुपचूप. कशाला तमाशा करतेस?"

लाज वाटते सांगायला. पण सांगतोच. आई ओल्या पायांनी घरी गेली. मी थांबलो. पंगतीला बसलो, जेवलोसुद्धा.

जेवणं झाल्यावर विहीर समितीचे अध्यक्ष, त्यांना गाव दादा म्हणतं, माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलले, "तुझं अक्षर एक नंबर आहे रे. विहिरीची पाटी तूच लिही." आनंदनगर एमआयडीसीत मी कंपन्यांचे बोर्ड रंगवतो. दादांचा हात खांद्यावर आला आणि माझी छाती फुगली. थू माझ्या जिंदगानीवर!

मजकूर त्यांचाच. 'पाणी हे दैवत. पूर्वजांनी घालून दिलेली पाळी सर्वांनी पाळावी.' खाली क्रम. आधी पाटील आळी, मग देऊळ, मग सोसायट्या, सगळ्यात शेवटी बुद्धवाडा.

"पूर्वीपासून असंच आहे," दादा म्हणाले.

कसलं पूर्वीपासून! पूर्वी आम्हाला पाळीच नव्हती, लांब उभं राहायचं आणि कुणी वाढेल तेवढं घ्यायचं. आणि सोसायट्या कुठल्या पूर्वजांनी बांधल्या? हे सगळं मला तिथंच कळत होतं. तरी ब्रश चालवला. शेवटच्या ओळीला तर लाल रंगात सावलीही दिली, हौसेनं.

मे महिन्यात विहीर आटत आली. आमची पाळी येईपर्यंत विहिरीवरची समितीची मोटर गढूळ पाणी ओढायची, मग नुसती घरघर. एका सकाळी आई रिकामा हंडा घेऊन पाटीसमोर उभी दिसली. तिला वाचता येत नाही. पण आमच्या दारावर बापाचं नाव मी लिहिलंय, तसलंच वळण तिला पाटीवर दिसलं.

"ही तूच लिवलीस ना रं?"

"हो."

"आपलं नाव कुठं हाय?"

मी खाली बोट दाखवलं. तिनं बघितलं, हंडा काखेत घेतला आणि निघाली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी घरून पांढऱ्या रंगाचा डबा आणला आणि पाटी पुसायला घेतली. दादा धावत आले. "येडा झाला का? वाडवडिलांची रीत आहे ती!"

"रीत नाही दादा, माझं अक्षर आहे ते. मी लिहिलं, मीच पुसतोय."

नवीन लिहिलं: रोज पाळी बदलणार. काल शेवटी असलेली वस्ती आज पहिली. आज बुद्धवाडा.

संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्यावर डांबर फासलं. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "पाटी तुझी, पन मोटर त्यांची."

खरं आहे. म्हणून उद्या कामावर जाणार नाही. सकाळी सहाला सगळा वाडा हंडे घेऊन मोटरच्या खोलीवर जाणार आहे. आई पुढं, मी तिच्या मागं. तिला जे बोलायचं ते ती मोठ्यानं बोलेल. तिला गप्प बस म्हणणारा तिथं कुणीही असेल, मी नसेन.